गाणाऱ्या जमिनीची तालीम

क्योतोला जायचं ठरलं तेव्हा घरात माणसं तीन होती आणि बेत चार. चष्मेकाकूंना दगडांची बाग बघायची होती. तिथे म्हणे नुसती वाळू विंचरून ठेवलेली असते आणि लोक तिच्याकडे बघत तासन्‌तास बसतात. ताईंना, म्हणजे काकूंच्या थोरल्या नणंदेला, हरणांना हाताने खायला घालायचं होतं. हरणं क्योतोत नसून जवळच्या दुसऱ्या जुन्या शहरात असतात, असं कळल्यावर त्यांनी ते शहरही बेतात घुसवलं, पाठोपाठ एक शेवाळाची बाग घुसवली, आणि वर "माझं काय, तुम्ही न्याल तिकडे मी येईन," असं म्हणून मोठेपणाही घेतला.

मिस्त्रींचा बेत मात्र एवढासा होता. मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान आणि ताईंचे धाकटे भाऊ. त्यांना तिथल्या एका देवळातल्या लाकडी पडवीवरून चालायचं होतं, बस्स. बागा, हरणं, देवळांपुढच्या लाल कमानी, सगळं बायकांनी ठरवावं, आपण पिशव्या उचलून मागे येऊ. पण त्या पडवीवर सकाळी दार उघडताक्षणी पोचायचं, गर्दीचे पाय लागायच्या आत. यात काडीचाही बदल होणार नव्हता.

त्याचं कारण त्यांच्या धंद्यात होतं. मिस्त्रींचा सगळा जन्म लाकडी जमिनी आणि जिने दुरुस्त करण्यात गेला. त्यातही त्यांचं नाव होतं ते कुरकुर बंद करण्यासाठी. एक माणूस पाणी प्यायला उठलं की जमीन सगळ्या घराला जागं करते, अशा घरांतून त्यांना बोलावणं यायचं. ते गुडघे टेकून बसायचे, फळ्यांवर तळवा पसरायचे, कोणाला तरी चालायला लावायचे आणि कुठली फळी कुठल्या खिळ्यावर घासतेय ते बरोब्बर सांगायचे. मग एखादी पाचर, दोन स्क्रू, चिमूटभर पावडर, की जमिनीची बोलती बंद. अशा माणसाला एका गिऱ्हाइकाने चहा पिता पिता सांगितलं, की क्योतोच्या एका देवळात जमीन मुद्दाम वाजती ठेवली आहे. फळ्यांखाली लोखंडी पट्ट्या आणि खिळे अशा बेताने बसवलेत की पाऊल पडलं की पाखरू बोलल्यासारखा आवाज येतो. चोर आला तर कळावं म्हणून, असं म्हणतात.

त्या दिवशी मिस्त्रींचं जेवणात लक्ष नव्हतं. "मुद्दाम!" ते घास हातात धरून म्हणायचे. "अगं, मुद्दाम!" जन्मभर ज्याला रोग म्हणून औषध दिलं, त्याचीच कोणीतरी हौसेने मशागत केली होती. तिथे जाऊन आल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

आता यात अडचण एकच होती आणि ती फक्त काकूंना ठाऊक होती. मिस्त्रींना तो आवाज ऐकू येणार नव्हता.

मिस्त्री काही ठार बहिरे नव्हते. दार आपटलेलं त्यांना कळायचं, रस्त्यावरून गेलेला ट्रक कळायचा, ताईंचं घोरणं तर भिंतीपलीकडून कळायचं. गेले होते ते बारीक आणि उंच आवाज. फळ्या घासायच्या मशीनशेजारी वर्षानुवर्षं उघड्या कानांनी उभं राहिल्याचा तो प्रसाद होता. किटली शिट्टी घालून घालून दमायची आणि मिस्त्री तिच्या शेजारी शांतपणे पेपर वाचत बसायचे. दारावरची बेल त्यांनी तीनदा बदलली. "हल्ली काही टिकाऊ मिळतच नाही," असं दर वेळी म्हणाले. काकू नवी बेल दाबून बघायच्या, ती खणखणीत वाजायची, आणि त्या जुनी बेल कपाटात ठेवून द्यायच्या.

गंमत अशी की काकूंचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि कबूल न करणाऱ्या माणसांना वळवण्यात त्यांचा हातखंडा होता. "मला दिसतं हो सगळं, हे लोकच अक्षरं बारीक छापतात," असं म्हणणारी माणसं त्यांना रोज भेटायची. काकू वाद घालत नसत. हळूच चष्मा नाकावर चढवायचा, माणसाला खांदे धरून खिडकीकडे वळवायचं आणि आपण काचा पुसत बसायचं. पण स्वतःच्या नवऱ्यापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मिस्त्रींना आपल्या कानाचा केवढा अभिमान! सांगावं, तर ते म्हणणार, "मग जायचंच कशाला?" न सांगावं, तर हा माणूस एवढा समुद्र ओलांडून त्या पडवीवर उभा राहणार, आजूबाजूच्या लोकांचे चेहरे खुलताना बघणार, आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. 

तेवढ्यात मिस्त्रींनी स्वतःच घोळ वाढवला.

"आधी इथे करून बघतो," एका सकाळी ते म्हणाले. "तिथे जाऊन पहिल्यांदाच ऐकली तर नुसता आ वासून उभा राहीन. कशी वाजते ते हाताला कळलं पाहिजे. फळी एकदा वाजू दे, मग तिकिटं काढू."

"तिकिटं महाग होतील तोवर," ताई म्हणाल्या.

"होऊ देत."

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. मिस्त्रींनी जुन्या फळ्या काढल्या, लोखंडी पट्ट्या वाकवल्या, त्यांना भोकं पाडली, आणि खोलीभर लांबीचा एक ओटा तयार केला. पहिल्या दिवशी तो खरंच मुका होता, कारण मिस्त्रींच्या हाताने सवयीप्रमाणे प्रत्येक खिळा घट्ट बसवला होता. "हातच ऐकत नाही माझा," ते चडफडत म्हणाले. "सैल सोडायचा म्हटलं की त्याला चोरी केल्यासारखं वाटतं." त्यांनी सगळं उपसलं आणि पुन्हा जोडलं.

मग तपासणी. मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. काम झालं की घरातलं सगळ्यात हलकं माणूस चालायचं आणि आपण पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. हलकं माणूस म्हणजे अर्थात काकू. त्यांनी चपला काढल्या आणि मोज्यांनी पहिल्या फळीवर पाय ठेवला.

चिंव्.

काकू चमकल्याच. दुसरं पाऊल. चिंव्, चिं. किती गोड! कोणीतरी अंगणात येऊन हलकेच हाक मारावी तसा आवाज होता. त्यांचं तोंड हसू हसू झालं. त्या तशाच ओट्याच्या मध्यावर पोचल्या, सगळी शेड किलबिलत होती, आणि पाठमोरे मिस्त्री म्हणाले, "चाल की गं. उभी का?"

काकू जागच्या जागी थिजल्या. मिस्त्रींनी डोळे उघडून मागे पाहिलं. चेहऱ्यावर एवढी आशा, की बघवत नव्हती. "वाजली का कुठे?" त्यांनी विचारलं.

आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "नाही."

एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हो कसं म्हणणार? त्यातून काकूंच्या मनात एक भाबडा हिशेबही होता. फळी वाजली नाही म्हणजे तिकिटं नाहीत. तिकिटं नाहीत तोवर ती वेळ टळली. तेवढ्यात काहीतरी सुचेल. सुचलं काहीच नाही. मिस्त्री मात्र हट्टाला पेटले. रोज कामावरून आले की शेडमध्ये शिरायचे, पट्ट्या सैल करायचे, खिळे तिरके करायचे, आणि रोज जमीन जास्त जोरात गायला लागायची. दोन दिवसांत चिमणी होती तिथे मोठा थवा आला. ताईंना काकूंनी सगळं सांगून ठेवलं होतं, तरी त्या चहा घेऊन शेडमध्ये शिरल्या, मिस्त्रींना तो देऊन वळताना नकळत ओट्यावर पाय पडला, आणि "अगोबाई!" म्हणून त्या उडाल्याच.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाले.

"चहा गरम आहे," ताई म्हणाल्या. चहा मिस्त्रींच्या हातात होता, त्यांच्या नव्हे, पण वेळ निभावली.

"हे असं किती दिवस चालणार?" ताईंनी स्वयंपाकघरात काकूंना गाठलं. "तो तिथे शीर्षासन करेल आता. सांगून टाक."

"तुम्ही सांगा ना ताई. तुम्ही थोरल्या."

"मी? मी सांगितलं तर तो मलाच म्हणेल, तुला भास होतात. लहानपणापासून तसाच आहे. तू चष्मेवाली ना? कर काहीतरी."

शेवटी सांगितलं ते तिसऱ्यानेच. शेजारी एक ट्रामआजोबा राहत. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेले, स्वभावाने फार मऊ. एका संध्याकाळी ते कागदाची पुडी घेऊन थेट शेडच्या दारात आले. मिस्त्री खिळे निवडत होते, काकू ओट्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि ताई त्यांना मदत करायच्या नावाखाली सूचना देत होत्या.

"मिस्त्री, राग मानू नका," आजोबा म्हणाले, "पण पाखरं कोंडून ठेवू नयेत. मी रोज ऐकतो. सुरुवातीला एकच होतं, आता पुष्कळ दिसतायत. सोडायची नसतील तर निदान पोटभर खायला तरी घाला. हे दाणे आणलेत मी."

"कसली पाखरं?" मिस्त्रींनी विचारलं.

"असं काय करता! ही काय," असं म्हणत आजोबा पुडी द्यायला पुढे झाले आणि ओट्यावर चढले. आजोबा वजनदार होते. जमिनीने असा काही कल्ला केला की ते स्वतःच घाबरून थांबले, खाली बघितलं, पुन्हा एक पाय आपटून बघितला, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "अहो, ही तर जमीन बोलतेय!"

मिस्त्री आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली, आणि तेवढ्याने मिस्त्रींना सगळं कळलं.

"कधीपासून?"

"पहिल्या तपासणीपासून," काकू म्हणाल्या.

"आणि तू नाही म्हणालीस."

"तुमच्याकडे बघून धीर झाला नाही हो."

मिस्त्री खाली बसले, हातातले खिळे डब्यात टाकले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच लहान दिसायला लागले. "म्हणजे बेल चांगलीच होती," ते म्हणाले. "तिन्ही बेला." मग डब्याचं झाकण लावत, "तुम्ही दोघी जाऊन या. मी येऊन काय करणार? ठोंब्यासारखा उभा राहणार तिथे."

"वा रे वा," ताई म्हणाल्या. "आम्ही दोघी जाऊन एकमेकींचे फोटो काढायचे का? आणि एवढं काय झालं रे बाळ? हे दात काय माझे आहेत? हरणांपुढे हसणार आहे ना मी, ते याच दातांनी. गुडघ्याला पट्टा, डोळ्याला चष्मा. माझं म्हणून आता फक्त तोंडच उरलंय."

"ते भरपूर आहे," मिस्त्री पुटपुटले.

काकूंना जरा हायसं वाटलं. चिडवतोय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.  मिस्त्रींनी ओट्याकडे बघितलं. सरकत सरकत ते जवळ आले, गुडघे टेकले, आणि नेहमीसारखा फळ्यांवर तळवा पसरला.

"चाल," ते काकूंना म्हणाले.

काकू चालल्या. मिस्त्रींची बोटं फळीवर अगदी हलकी पडली होती. "थरथर लागतेय," ते म्हणाले. "इथे. इथेही. या फळीला जरा जास्तच." काकू वळून परत आल्या. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा अंधार हळूहळू पातळ होत गेला आणि त्याजागी, अहो, चक्क फुशारकी आली. "म्हणजे वाजतेय की! मी केलेली वाजतेय! कशी वाजते?"

काकूंनी ओठ पुढे काढून आवाज काढून दाखवला. तो बऱ्यापैकी चुकला.

"छे, असा कुठे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला आवाज काढला. तो कोंबडीच्या जवळपास जात होता.

"माफ करा, पण शेवटी जरा वर जातो तो," ट्रामआजोबांनी दुरुस्ती केली, आणि डोळे मिटून असा काही चीत्कार केला की त्यांनी आणलेले दाणे पुडीतून सांडले. मग तिघांचं भांडण जुंपलं. काकू एक सूर लावायच्या, ताई दुसरा, आजोबा मध्येच ओट्यावर उडी मारून "हे ऐका, हे ऐका," म्हणायचे. तीन पिकली माणसं शेडमध्ये गळा ताणून किलबिलत होती आणि मिस्त्री जमिनीवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"पुरे!" शेवटी ते ओरडले. "तिघांच्या तीन तऱ्हा. तुमच्या भरवशावर मी माझं काम तपासू होय? कुठे मिळतं ते कानाचं मशीन?"

काकूंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना कानवाल्या बाईंकडे नेलं. काकूंच्या दुकानाच्या रांगेतच त्यांचं दुकान होतं. तपासणीच्या काचेच्या खोलीत मिस्त्री परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ बसले. काचेपलीकडून काकू बघत होत्या. बाईंनी कसलं तरी बटण दाबलं की मिस्त्रींनी हात वर करायचा होता. बाई दाबत होत्या, दाबत होत्या, आणि मिस्त्रींचा हात मांडीवरच होता. काकूंनी तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघितलं.

मशीन हाती आलं ते एवढंसं होतं, कानामागे मावणारं. कानवाल्या बाईंनी ते बसवलं, सुरू केलं, आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"तुम्ही किंचाळताय," मिस्त्री म्हणाले.

"मी हळूच बोलतेय."

"मग जग किंचाळतंय." ते उठले, आणि उठता उठता दचकले, त्यांच्याच कोटाची बाही सळसळली होती. घरी येताना सगळा रस्ता त्यांनी तपासत तपासत पार केला. किल्ल्या, सायकलीची घंटा, पावाच्या पिशवीचा कागद. प्रत्येक आवाजाला थांबायचे, मान कलती करायचे, आणि "हे नेहमीचंच का?" असं काकूंना विचारायचे. काकू हो म्हणायच्या. खोटं बोलायचं नाही, याचं त्यांना इतकं सुख झालं होतं, की त्या विचारलं नसतानाही हो म्हणत होत्या.

घरात न शिरता ते मागच्या शेडकडे गेले. या वेळी त्यांनी काकूंना चालायला सांगितलं नाही. बूट काढले, मोजे ओढून नीट केले, आणि उजवा पाय पहिल्या फळीवर टेकवला.

जमीन बोलली.

मिस्त्रींनी पाय तसाच ठेवला. मग डावा टाकला. मग ते सावकाश, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत शेवटापर्यंत गेले, वळले आणि परत आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. काकूही रडल्या. ताई नुकत्याच आल्या होत्या, त्या दोघांचं बघून रडल्या आणि रडता रडता "शेवाळाच्या बागेचं आधी सांगून ठेवावं लागतं म्हणे," असं म्हणाल्या.

"ही जरा बेसूर आहे," मिस्त्री मधल्या फळीवर उभं राहून म्हणाले. "तिथल्या लोकांनी कसं साधलंय ते बघायलाच हवं. काढा तिकिटं."

तिकिटं ताईंनी काढली. त्या फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मिस्त्रींनी हात वर करून मशीनचा आवाज कमी केला, आणि हे आपल्याला आता करता येतं हे लक्षात येऊन ते फार खूश झाले. खिडकीजवळची जागा कोणाची यावरून वाद झाला. ताईंनी "मला कुठेही चालेल" असं म्हणून ती स्वतःकडे ठेवली.

जेवणाला अजून अवकाश होता. ताई आपल्या खोलीत मोजे निवडायला गेल्या, कारण देवळांत बूट काढावे लागतात आणि भोकाचे मोजे घालून परदेशात घराण्याची अब्रू घालवायची नव्हती. काकू पुढच्या खोलीत टेबलाशी बसल्या. दुकानातून आणलेल्या चष्म्यांच्या काचा त्या पुसत होत्या. मिस्त्री शेडमधून हत्यारं आवरून आले आणि दारातच थांबले.

"ते काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काय ते?" काकूंनी वर बघितलं.

"थांबलं आता. तू करत होतीस."

काकूंना क्षणभर उमगेना. मग त्यांच्या लक्षात आलं. काम करताना त्या ओठांच्या फटीतून बारीक शीळ घालायच्या. नेम असा नव्हता, कुठलंही गाणं, अर्धंमुर्धं. आपण घालतो हेही त्यांना कळायचं नाही.

"शीळ होय," त्या म्हणाल्या.

"तू अजून घालतेस?"

"मी कधी बंद केली होती?"

मिस्त्री आत आले, खुर्चीवर बसले. त्यांनी टेबलावरचे चष्मे इकडचे तिकडे केले. "मला वाटलं, बंद केलीस," ते म्हणाले. "लेक लग्न होऊन गेली ना, त्याच सुमाराला. मला वाटलं घर रिकामं झालं, हिचं मन लागत नाही. विचारायला मला जमलं नाही. म्हटलं, कुठेतरी लांब नेऊ. म्हणून तर हे सगळं."

"आणि ती जमीन?"

"जमीन आहेच गं. जमिनीसाठी मी गेलोच असतो. पण बागांच्या सगळ्या जागा नकाशावर मी खुणा करून ठेवल्यात, त्या कोणासाठी?"

काकूंच्या हातातला फडका तसाच राहिला. इतकी वर्षं त्या याच टेबलाशी बसून मजेत शीळ घालत होत्या, आणि समोर बसलेला हा माणूस त्यांना दुःखी समजून मनातल्या मनात झुरत होता. त्यांना भरून आलं, आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं. ते काही केल्या आवरेना.

"घाल ना," मिस्त्री म्हणाले. "तीच. मघाची."

काकूंनी ओठ जुळवले, पण हसणाऱ्या ओठांतून कसली शीळ निघतेय! नुसता वारा गेला. त्यांनी चेहरा गंभीर केला, पुन्हा ओठ जुळवले, आणि मिस्त्रींकडे बघून पुन्हा फसकन हसल्या. मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते वाट बघत बसले.